तलाव आणि त्याचे वारस

वैनगंगेच्या पश्चिमेस नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, सावली आणि पूर्वेस आरमोरी, कुरखेडा, देसाईगंज हा जो धानाचा मुलूख पसरला आहे, त्यातून जाणाऱ्या वाटसरूला बहुतेक प्रत्येक गावाच्या अंगाला मातीची एक लांबट, किंचित वाकलेली उंच रेघ दिसते. तिच्यावर करंज, अर्जुन, जांभूळ यांची जुनी झाडे वाढलेली असतात. एका बाजूस धानाच्या बांध्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूस पाणी असते. परक्या माणसास ही निसर्गाने घडविलेली टेकडी वाटली तर त्याचा दोष नाही, कारण दोन-तीन शतकांच्या पावसाने, मुळांनी आणि गुरांच्या खुरांनी तिच्यावरील मनुष्याच्या हाताची खूण जवळजवळ पुसून टाकली आहे. ती तलावाची पाळ आहे. आणि तिच्यामागे साठलेल्या पाण्यास सरकारदरबारी ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव आहे, ज्याचा संक्षेप लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ असा रूढ झाला आहे. या नावाकडे मी पुष्कळदा विचारपूर्वक पाहिले आहे. त्यात पूर्वीच्या मालकाची नोंद आहे, आणि तो मालक आता राहिला नाही याचीही नोंद आहे. परंतु आजचा वारस कोण, याविषयी ते नाव मौन बाळगते. या तलावांच्या आजच्या अवस्थेची सारी मीमांसा त्या मौनात साठविलेली आहे, असे माझे मत आहे, आणि तेच येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

प्रथम हे तलाव का झाले ते पाहू. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पाऊस कमी नाही. वर्षाकाठी सरासरी १,२०० ते १,५०० मिलिमीटर पडतो. परंतु त्याचा फार मोठा भाग मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत येतो, आणि त्या चार महिन्यांतही मध्येच दोन-तीन आठवडे ओढ देण्याची त्याची खोड जुनी आहे. धानाचे पीक ज्वारीसारखे सोशीक नाही. रोवणी झाल्यावर बांधीत पाणी उभे राहिले पाहिजे आणि लोंबी भरण्याच्या वेळी ते कमी पडता कामा नये. भूमीखाली पुष्कळ ठिकाणी कठीण खडक असल्यामुळे विहिरीचा भरवसाही बेताचाच. अशा प्रदेशात उतरणीवरचे पाणी वाटेत अडवून ठेवणे हा चैनीचा विषय नव्हता. गाव वसणे आणि न वसणे यांतील तो भेद होता.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी हा भेद ओळखला होता. राजा हिरशहाने जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास सनद आणि तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण स्वीकारले, असे या प्रदेशाची परंपरा सांगते. तलावासाठी दिलेल्या अशा इनामास ‘तुकुम’ म्हणत, आणि चंद्रपूर शहरातील एका वस्तीने ते नाव आजतागायत जपले आहे. या धोरणातील राजनीती लक्षात घेण्याजोगी आहे. राजाने खजिन्यातून तलाव बांधले नाहीत. श्रम आणि फळ यांना एकाच सनदेत बांधले, आणि पुढचे काम रयतेच्या स्वार्थाने व कौशल्याने केले. ते कौशल्य विशेषतः कोहळी समाजाचे. एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांस आपल्याबरोबर आणले, ही त्यांची दंतकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात नोंदविली आहे. दंतकथेचे ऐतिहासिक मोल काहीही असो, जमिनीचा उतार केवळ नजरेने जोखून, दोन टेकड्यांमधील नेमक्या अरुंद जागी पाळ घालण्याची त्यांची विद्या निर्विवाद होती. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील या कोहळ्याच्या नावाशी जोडलेला आहे, आणि तो बांधणारा पुरुष पुढे कोलासूर या नावाने देवत्व पावला. ज्या समाजाने तलाव बांधणाऱ्यास देव केले, त्या समाजाच्या दृष्टीने पाण्याचे स्थान कोठे होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्याही खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशा साखळ्या या प्रदेशात जागोजाग आहेत. आजही चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून अशा तलावांची गणना तीन हजारांच्या वर जाते. एवढ्या तलावांचे वर्णन करताना आपण सामान्यतः सिंचनाच्या भाषेत बोलतो: किती साठा, किती हेक्टर ओलीत, किती गाळ. ही भाषा आवश्यक आहे, पण अपुरी आहे. कारण तलाव हा प्रथमतः एक सजीव प्रदेश आहे, आणि त्याचे जीवन ज्या जागी सर्वाधिक दाट असते ती जागा या हिशेबात कोठेच येत नाही.

कोकणातील मनुष्यास हे चटकन उमगेल. खाडीचे ऐश्वर्य तिच्या मध्यधारेत नसते. ते भरती-ओहोटीच्या दरम्यान झाकल्या-उघडल्या जाणाऱ्या चिखलात, तिवरांच्या मुळांत, गोडे आणि खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते त्या काठात असते. आमच्या जंगली मुलखास समुद्र नाही, पण त्याच्या तलावांस एक संथ भरती-ओहोटी आहे. तिला दिवसाचे दोन फेरे पुरत नाहीत, तिला एक वर्ष लागते. श्रावण-भाद्रपदात पाणी पाळीला टेकते, सांडवा वाहू लागतो. रोवणीस व लोंबीस पाणी देता देता ते कार्तिकापासून मागे सरू लागते, आणि वैशाखापर्यंत तलावाचा मोठा भाग उघडा पडतो. पाणी मागे गेल्यावर जी ओलसर, सुपीक जमीन मोकळी होते तिला गाळपेर म्हणतात. ही गाळपेर, हा वर्षातून एकदा बुडणारा आणि एकदा उघडा पडणारा पट्टा, म्हणजे तलावाचे काळीज आहे.

त्या पट्ट्यात काय नांदते ते क्रमाने पाहिले पाहिजे. काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवते. हा धानाचा रानटी भाऊबंद. त्यास कोणी पेरीत नाही, कोणी रोवीत नाही. ऋषिपंचमीस नांगराखालचे धान्य वर्ज्य करणाऱ्या स्त्रियांना ते चालते, आणि या एका आचारामुळे पिकविलेल्या धानाच्या शेजारी त्याचा न पिकविलेला पूर्वजही गावाच्या स्मरणात राहिला. किंचित खोल पाण्यात कमळ, पोयणी आणि शिंगाडा. त्याच्याही आत, पृष्ठभागाखाली झुलणाऱ्या अनेक गवतसदृश वनस्पती, ज्यांची नावे ग्रंथांपेक्षा मासे धरणाऱ्या ढिवरांस अधिक अचूक माहीत असतात. या प्रत्येक थरास त्याचा भाडेकरू आहे. मरळ मासा पाणवनस्पतींच्या आडोशास जागा साफ करून अंडी घालतो आणि पिलांची राखण करतो. मांगूर पहिल्या पावसात भरलेल्या उथळ पाण्यात, बांध्यांमध्येसुद्धा चढून वीण घालतो आणि उन्हाळ्यात ओल्या चिखलाचा आश्रय घेतो. त्यास जशी पाण्याची तशीच काठाची गरज आहे. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो, आणि अंडी उबविण्याचे काम त्यात नर करतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके याच पाण्यातील कंद, बिया आणि कोवळे कोंब यांवर निर्वाह करतात. सारस हा पक्षी तर अशा उथळ पाणथळीचा आणि तिला लागून असलेल्या धानाच्या बांध्यांचा रहिवासी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि तेथेही मोजक्याच संख्येने उरला आहे, ही गोष्ट या काठांविषयी पुष्कळ काही सांगते. आणि गाळ, ज्यास आपण केवळ अडथळा समजतो, तो या साऱ्यांचे कोठार आहे: कमळाचे कंद, देवधानाचे दाणे, वनस्पतींची बीजे त्यात उन्हाळा काढतात आणि पाणी चढताच जागी होतात.

असा तलाव आपोआप टिकत नाही. मातीची पाळ प्रतिवर्षी थोडी खचते, खेकडे तिला भोके पाडतात, झाडांची मुळे तिला धरूनही ठेवतात आणि फोडूनही काढतात, पाट भरतात, सांडव्याचे दगड ढळतात. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकणे, पाट उकरणे, उघड्या पडलेल्या बुडातील गाळ बैलगाडीने शेतात नेणे ही कामे गावकऱ्यांनी करावयाची. पाणी केव्हा सोडावे, कोणाच्या बांधीस आधी द्यावे, याचा निवाडा गावच्या पंचांनी करावयाचा. आणि या सर्वांवर मालगुजाराने लक्ष ठेवावयाचे, असा रिवाज होता. इंग्रजी अमदानीत जमाबंदी झाली तेव्हा गावोगावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रिवाजांच्या नोंदपत्रात, चराई, सरपण आणि तलावाचे पाणी यांविषयीचे हक्क नमूद झाले. गावाच्या नित्य गरजा भागविण्याच्या या हक्कास ‘निस्तार’ म्हणत, आणि तो शब्द या प्रदेशातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. तलावाचे पाणी घेणाऱ्याने त्यासाठी निराळा पैसा द्यावयाचा नव्हता, कारण त्याचे मोल तो श्रमाने फेडीत असे.

येथे कोणी मजवर गतकालाच्या गौरवाचा आरोप करील, म्हणून त्या व्यवस्थेची काळी बाजूही स्पष्टपणे मांडली पाहिजे. मालगुजार मुळात सारा वसूल करून भरणारा; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकातील जमाबंदीने इंग्रजांनी त्यास गावाचा मालक करून टाकले, आणि तलाव, जंगल, पडीत व गावठाण ही सारी त्याच्या मालकीत गेली. पाळीखालची उत्तम जमीन त्याची सीर आणि खुदकास्त, म्हणजे खासगी कसणुकीची. पाळीवरचे श्रम मात्र पुष्कळदा वेठीचे. मासे धरणारा ढिवर त्याच्या मर्जीवर अवलंबून. ज्यांच्या राजांनी तलावांसाठी सनदा दिल्या त्या गोंडांपैकी कित्येक त्याच्याच शेतावर मजूर. अशा व्यवस्थेचा अंत होणे न्याय्य होते, आणि तो झाला याबद्दल कोणाही विवेकी माणसास खेद वाटण्याचे कारण नाही. खेद आहे तो निराळ्या गोष्टीचा.

मालकी हक्क निर्मूलनाचा मध्य प्रदेशचा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्या दिवशी मालगुजाराची मालकी संपली व बहुतेक तलाव सरकारात निहित झाले. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. अकरा वर्षांत इतक्या वेळा दप्तर बदलले. पाळीवर माती टाकणारा हात मात्र त्यांपैकी एकाही दप्तरात लिहिला गेला नाही. निस्ताराचा हक्क लोकांच्या स्मरणात राहिला, म्हणून पाणी विनामूल्य मिळावे ही त्यांची मागणी राहिली. त्या हक्काबरोबर येणारे कर्तव्य खात्याकडे गेले असे त्यांनी धरले, म्हणून दुरुस्ती सरकारने करावी हीही मागणी राहिली. उलट खात्याचे म्हणणे असे की, दुरुस्ती हवी तर पाणीपट्टी भरली पाहिजे. या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि तलाव मात्र दोघांच्या मध्ये पडून भरत गेला.

मालगुजाराकडून काढून घेतलेली वस्तू गावाच्या हाती पडावयास हवी होती; ती खात्याच्या हाती पडली. माझ्या प्रतिपादनाचे मूळ हेच आहे. सनदेने श्रम आणि फळ एकत्र बांधले होते. जमीनदारीने फळ वर ओढून श्रम खाली ढकलले. आणि जमीनदारी संपविताना आपण ते दोन्ही पुन्हा एकत्र बांधण्याऐवजी फळ शेतकऱ्याला आणि श्रम अंदाजपत्रकाला दिले. अंदाजपत्रक हे पाळीवर चढून सकाळी खेकड्यांची भोके पाहू शकत नाही.

आजची अवस्था ही या एका विच्छेदाची अनेक फळे आहेत. काठावर बेशरम माजली आहे. नावाप्रमाणेच उपटली तरी पुन्हा उभी राहणारी ही परदेशी वनस्पती देवधानाची जागा खाते आणि मेल्यावर गाळ होते. सांडपाणी येते तेथे जलपर्णी पृष्ठभाग झाकते व खालच्या वनस्पतींचा प्रकाश हिरावते. बांध्यांतून वाहून येणारे खत व औषध तलावात उतरते. भोवतालचे जंगल विरळ झाले तेथे उताराची माती पहिल्या पावसातच खाली येते. गाळपेरीवर कायमचे अतिक्रमण करणारा शेतकरी आपले पीक बुडू नये म्हणून पाणी चढू देत नाही, आणि त्यामुळे पाळीखालच्या शेवटच्या बांधीस पाणी पोहोचत नाही. मासेमारीचा ठेका घेणाऱ्या सहकारी संस्थेस लवकर वजन धरणारे मासे हवेत, म्हणून रोहू, कटला यांबरोबर सायप्रिनस आणि ग्रास कार्प तलावात येतात. सायप्रिनस बूड उकरतो, ग्रास कार्प वनस्पती खातो, आणि ज्या आडोशास मरळीने वीण घालावी तो आडोसाच नाहीसा होतो. चंद्रपूर शहराच्या मध्यभागी असलेल्या गोंडकालीन रामाळा तलावात मच्छीनाल्याने शहराचे सांडपाणी उतरत राहिले, आणि त्याच्या शुद्धीसाठी इको-प्रो संस्थेच्या बंडू धोत्रे यांना २०२१ साली अन्नत्याग करावा लागला. तलाव ज्यांच्या दारात आहे त्यांना त्याच्यासाठी उपोषण करून दुसऱ्याकडे दाद मागावी लागते, यातच वारसाचा प्रश्न उघडा पडतो.

ही कथा एकट्या विदर्भाची नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांच्या खाड्यांच्या काठी खाजण जमिनी आहेत. खाऱ्या पाण्यास बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी घडविलेल्या या जमिनींत पावसाळ्यात भात आणि मानशीच्या, म्हणजे बांधातील झडपेच्या, दाराशी मासे, असा दुहेरी संसार चाले. तेथेही बांधाची जबाबदारी गावकारीवर, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेवर होती, आणि तेथेही ती संस्था सर्वांस समान नव्हती. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. परंतु बांधाचा भार ज्या कूळ संघांवर आला, त्यांना तो पुष्कळ ठिकाणी पेलला नाही. मानशीच्या मासेमारीचे उत्पन्न शेतीपेक्षा जास्त झाले तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाऊ लागले, आणि भाताची जमीन नासली. एक समुद्रकाठची खाडी, एक जंगलातील तलाव. एक पोर्तुगीज अमलाखालची, एक मध्य प्रांतातला. दोहोंत साम्य एवढेच की, विषमतेवर उभी असलेली पण काम करणारी संस्था मोडताना तिच्यातील अन्याय आणि तिच्यातील जबाबदारी यांचा निवाडा वेगवेगळा करण्याचे आपणास सुचले नाही. इतक्या भिन्न प्रदेशांत एकच चूक एकच परिणाम देते, तेव्हा दोष पाण्याच्या किंवा मातीच्या स्वभावात शोधण्याचे कारण उरत नाही.

यावर अलीकडे जो उपाय सर्वत्र सुचविला जातो तो यंत्राचा आहे. तलावात पोकलेन उतरवावे, गाळ काढावा, ट्रॅक्टरने शेतात न्यावा. २०१७ साली राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली, आणि गाळ शेतात जाणे ही कल्पना स्वतः चांगलीच आहे; आमचे पूर्वज बैलगाडीने तेच करीत. परंतु बैलगाडी आणि यंत्र यांच्या वेगात जो फरक आहे तो केवळ वेगाचा नाही. बैलगाडी एका उन्हाळ्यात तलावाचा एक कोपरा हलवी, आणि उरलेल्या बुडात कंद व बीज जागच्या जागी राहत. यंत्र एका पंधरवड्यात सारे बूड सरसकट खरवडते; उथळ काठ तोडून उभी कड करते; आणि चालक अनभिज्ञ असला तर पाणी धरून ठेवणारा चिकण थर फोडून मुरुमापर्यंत जाते. मग कागदावर साठा वाढतो. देवधान मात्र उगवत नाही, कमळ येत नाही, बदके उतरत नाहीत, आणि मासा अंडी घालावयास जागा शोधत फिरतो.

याउलट भंडारा-गोंदियाच्या तलावांवर मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाबरोबर जे काम केले, ते मला या बाबतीत पथदर्शक वाटते. त्यांनी प्रथम ढिवरांस विचारले की, पूर्वी तलावात काय होते. मग बेशरम मुळासकट काढून, बुडाच्या ठराविक भागांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी माशांस थारा दिला. ढिवर स्त्रियांनी कंबरभर चिखलात उभे राहून, धानाची रोवणी करावी तशी तलावाची रोवणी केली. ज्या हातांस खात्याच्या लेखी तलावावर ठेक्यापलीकडे काही हक्क नाही, त्याच हातांस तलाव कसा जिवंत होतो हे ठाऊक होते. हा योगायोग नव्हे. ज्याचे पोट काठावर आहे तोच काठ पाहतो.

तर मग वारस कोण? माझे उत्तर असे की, तलावाच्या पाण्यावर, माशांवर, गाळावर, चाऱ्यावर, शिंगाड्यावर आणि देवधानावर ज्यांचा निर्वाह आहे ते सर्व मिळून, म्हणजे त्या गावची ग्रामसभा. ही कल्पना स्वप्नवत् नाही. कायद्याने तिचा अर्धा मार्ग आधीच आखला आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेला पेसा कायदा लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवितो, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर जुना शब्दच पुन्हा दरबारात आणला: जमीनदारीच्या काळातील निस्ताराचे हक्क, मग त्यांचे नाव काहीही असो, तो मान्य करतो, जलाशयांतील मासे व इतर उपज यांवरील सामूहिक हक्क तो मान्य करतो, आणि त्याच कायद्याचे पाचवे कलम हक्कधारकांवर पाणलोट आणि जलस्रोत यांच्या रक्षणाचा भार ठेवते. १९५१ साली तुटलेला सांधा या कलमांनी, निदान कागदावर, जुळविला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत कित्येक वर्षे जोपासली आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेल्या त्या प्रयोगाने दाखवून दिले की, लहानसे गाव मोठी मालमत्ता अभ्यासपूर्वक सांभाळू शकते. जे जंगलास लागू पडले ते तलावास लागू न पडण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र अर्धा मार्ग म्हणजे पूर्ण मार्ग नव्हे. वनहक्क कायद्याचा पल्ला वनजमिनीपुरता आहे; पेसाचा अनुसूचित क्षेत्रापुरता. नागभीड-सिंदेवाहीच्या सपाटीवरील असंख्य तलाव या दोहोंच्या बाहेर पडतात. त्यांच्यासाठी सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा २००५ चा कायदा आहे, परंतु त्यातील पाणीवापर संस्थेचा सभासद लाभक्षेत्रातील जमीनधारकच होऊ शकतो. म्हणजे ढिवर बाहेर, देवधान वेचणारी भूमिहीन स्त्री बाहेर, गुरे पाजणारा गोवारी बाहेर. मालगुजाराच्या काळचा अन्याय निराळ्या वेषात परत आणावयाचा नसेल, तर या कायद्यात तलावाच्या सर्व उपभोगकर्त्यांस स्थान दिले पाहिजे, आणि त्यात स्त्रियांचा व ढिवरांचा शब्द केवळ ऐकण्यापुरता न राहता निर्णायक ठरला पाहिजे.

आक्षेप घेतला जाईल की, गावे आता पूर्वीसारखी एकजीव राहिली नाहीत. पक्ष, जात आणि ठेकेदारी यांनी ती दुभंगली आहेत. हे खरे आहे. पण गावे पूर्वीही एकजीव नव्हती. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट परस्परांवरील प्रेम ही क्वचितच होती, पाणी ही बहुधा होती. ज्यास पाळीखाली वाटा आहे त्यास पाळ फुटण्याचे भय आहे, आणि समान भय हे सलोख्याचे एक जुने अधिष्ठान आहे. दुसरा आक्षेप असा की, मोठ्या दुरुस्तीस लागणारा पैसा आणि अभियंत्याचे ज्ञान गावापाशी नाही. तेही मान्य. सांडव्याचे बांधकाम, दाराची दुरुस्ती, पाळीची तपासणी यांसाठी शासनाने पैसा व तज्ज्ञ द्यावेत. तो गावावर उपकार नव्हे, सत्तर वर्षे सांभाळलेल्या मालकीचे देणे आहे. परंतु तज्ज्ञाने गावाचा सल्लागार होऊन यावे, आणि गाळ कोठून, किती, कोणत्या महिन्यात काढावा, कोणत्या काठास हात लावू नये, हे ठरविताना ढिवराचे आणि धान पिकविणाऱ्याचे ज्ञान अभियंत्याच्या आलेखाशेजारी ठेवले जावे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी अल्पशिक्षित आणि अल्पभूधारक दादाजी खोब्रागडे यांनी निव्वळ निरीक्षणाने एचएमटी हे धानाचे वाण निवडून काढले, ज्याचा तांदूळ पुढे देशभर गेला. ज्या मातीने असा निरीक्षक दिला, त्या मातीतील माणसास आपल्या तलावाचे काही कळत नाही, असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणत्याही खात्यास नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आणि दप्तराच्या भाषेतील आहे. प्रत्येक मामा तलावासाठी नवा वाजिब-उल-अर्ज लिहिला जावा. त्याच्या एका बाजूस हक्क असावेत: कोणत्या बांधीस किती पाणी, मासे कोणाचे, शिंगाडा कोणाचा, गाळपेर कोणी किती दिवस कसावी, देवधान कोणी वेचावे. दुसऱ्या बाजूस, तितक्याच ठळक अक्षरांत, कर्तव्ये असावीत: कोणत्या घराने पाळीस किती दिवस द्यावेत, बेशरम कोणी काढावी, कोणते काठ विणीच्या महिन्यांत अस्पर्श ठेवावेत, उन्हाळ्यात बुडाशी किमान किती पाणी राखावे. या श्रमास रोजगार हमीची मजुरी मिळावी, म्हणजे त्यास वेठीचा डाग लागणार नाही. आणि त्या पत्राखाली कोणा एकाची सही नसावी; ग्रामसभेची असावी, आणि दर पाच वर्षांनी तलावाची प्रत्यक्ष अवस्था पाहून ते पुन्हा लिहिले जावे.

जुन्या वाजिब-उल-अर्जात तलावाचे पाणी होते. त्यातील पक्षी, कमळ आणि मरळ नव्हती, कारण ती कधी नाहीशी होतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. आपल्या वाट्यास ते पाहणे आले आहे, म्हणून ती लिहून ठेवण्याचे कामही आपल्याच वाट्यास आले आहे. हे पत्र ज्या गावी लिहिले जाईल आणि पाळले जाईल, त्या गावच्या तलावाच्या नावापुढून ‘माजी’ हा शब्द गाळण्याचा अधिकार त्या गावास पोहोचेल. आणि ऋषिपंचमीस देवधानासाठी काठावर उतरणाऱ्या स्त्रीस ते हाती लागले, तर तलावास वारस मिळाला याचा तोच पुरावा होईल.